गूळ चालतो का ओ? घरातलं गोड निवडायचं कसं

सोलापूर जिल्ह्यात राहून साखरेला शिव्या देणं जरा अवघडच, निम्म्या पाहुण्यांचा ऊस कारखान्याला जातो, दिवाळीला सभासदांची साखर घरात येते आणि त्याच घरात एकाला तरी शुगर निघालेली असते. मग सुरू होतं, गूळ चालतो का ओ, मध चालतोय की, ती साखरेऐवजीची गोळी लई वाईट असते म्हणे, स्टीव्हिया म्हणजे त्या गोड पानांचा अर्क घेऊ का. हे सगळं एकदमच विचारलं तर कोणालाच नीट सांगता येत नाही. म्हणून मी उलट दोनच गोष्टी विचारते, खाणार कोण आणि कशात घालणार. नैसर्गिक का केमिकल हा प्रश्न त्याच्या नंतरचा, आणि बऱ्याच वेळा तिथपर्यंत जायची गरजच पडत नाही.

आधी घरातला हिशोब काढा, काही निवडायच्या आधी. एक चहाचा चमचा साखर म्हणजे ४ ते ५ ग्रॅम, शिगोशीग भरला तर जास्तच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलंय की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, जमलं तर ५ टक्क्यांच्या आत. २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाला ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, पाच-सहा चमचे. आता मोजा, दोन चमच्यांचे चार चहा झाले तर आठ चमचे चहातच गेले, बिस्किट, सॉस, सरबत, लस्सी अजून बाकीच आहे. आणि ह्या हिशोबात मध, काकवी, फळांचा रस, सिरप सगळं धरलेलं आहे, गूळही त्यातच येतो. अख्खं फळ आणि साधं दूध मात्र त्यात नाही.

बहुतेक घरांत खरं काम इथंच होऊन जातं. चहातली साखर दोन चमच्यांवरून दीडवर, मग काही दिवसांनी एकवर आणली की जीभ सवय करून घेते, सुरुवातीला चहा बेचव लागतो, नंतर जुना चहा पाकासारखा लागायला लागतो. ज्याला शुगर नाही, वजनाचंही काही विशेष नाही, त्यानं एवढंच करावं, कुठलाही डबा विकत आणायची गरज नाही. बाहेर टपरीवर मात्र चहा आधीच साखर घालून उकळलेला असतो, तिथं नुसतं कमी साखर म्हणून उपयोग नाही, बिनसाखरेचा वेगळा करून देता का असं विचारावं लागतं, आणि गर्दीच्या वेळी तो देत नाही हेही खरंय.

आता गूळ. गूळ मला आवडतो, शेंगा पोळी गुळाचीच, हुग्गी म्हणजे गव्हाची खीर गुळाचीच, त्यात वादच नाही. पण शुगरवाल्या माणसानं गूळ औषध म्हणून खाऊ नये. १०० ग्रॅम साखरेत ३९०-४०० कॅलरी, १०० ग्रॅम गुळात साधारण ३५० ते ३८०, म्हणजे फरक जवळजवळ नाहीच, कारण गुळाचा मोठा भाग सुक्रोजच, म्हणजे साधी साखरच असतो आणि उरलेल्यात ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि थोडं पाणी. रक्तातली साखर गुळानंही तशीच वाढते. लोक म्हणतात गुळात लोह असतं, असतं की, पण किती? १० ग्रॅमच्या खड्यात अर्धा ते एक मिलिग्रॅम धरा. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या आकड्यांप्रमाणं बाईमाणसाला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं. गुळाच्या जोरावर ते भरून काढायचं म्हणजे अर्धी ढेप संपेल आणि शुगर तीनशेच्या वर जाईल. लोहासाठी पालेभाजी, डाळी, बाजरी, अळीव बघा आणि गूळ चवीसाठी खा, मग भांडण नाही.

गूळ घेताना मात्र रंगाकडे बघा. एकदम पिवळाधमक, सोन्यासारखा चमकणारा गूळ दिसला की मी तिथून पुढं जाते. गुऱ्हाळात रस उकळताना वर येणारा मळ काढायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालायची जुनी पद्धत आहे, पण रंग उजळवायला काही जण हायड्रो म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट मारतात. नुसत्या रंगावरनं शंभर टक्के ओळखता येत नाही, पण तांबूस-तपकिरी, जरा मऊ, चावल्यावर खारट न लागणारा गूळ घेतलेला बरा. ओळखीचं गुऱ्हाळ असेल, माळशिरस-पंढरपूरकडं पाहुणे असतील तर त्यांच्याकडनं आणा, जानेवारी-फेब्रुवारीत ताजा मिळतो. पावसाळ्यात गूळ पाझरतो, हवाबंद डब्यात ठेवा.

मधाचं पण तसंच. मधात साधारण ८० टक्के साखरच असते, फ्रुक्टोज थोडं जास्त, आणि सतरा-अठरा टक्के पाणी. एक मोठा चमचा मध म्हणजे ६० कॅलरीच्या वर. सकाळी कोमट पाण्यात मध-लिंबू घेऊन वजन उतरलं म्हणणारे भेटतात, त्यांचं वजन बहुतेक नाश्त्याच्या वेळची भजी बंद झाल्यामुळं उतरलेलं असतं. फ्रुक्टोज गोड जास्त लागतं म्हणून मध थोडा कमी पुरतो, फायदा म्हणाल तर एवढाच, तोही कमी घातला तर. बाटलीतल्या बऱ्याच मधांत सिरपची भेसळ असते हे २०२० च्या डिसेंबरमध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं तपासून जाहीर केलं होतं, आणि ती भेसळ साध्या टेस्टमध्ये सापडत नाही, त्यामुळं पाण्यात थेंब टाकून, वात पेटवून बघायचे ते व्हिडिओ सोडून द्या. आणि एक गोष्ट जरा जोरात सांगते, एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही. आजी कितीही म्हणू दे. मधात क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांच्या पोटात ते काही करत नाहीत पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात, बाळ लुळं पडतं, श्वासापर्यंत जातं.

खडीसाखर, ब्राऊन शुगर, सल्फर फ्री साखर, नारळाची साखर हे सगळं एका ओळीत उरकते. खडीसाखर म्हणजे मोठे खडे केलेली साखरच, ब्राऊन शुगरमध्ये थोडी मळी परत मिसळलेली किंवा राहू दिलेली, सल्फर फ्री म्हणजे रस स्वच्छ करायची पद्धत वेगळी, कॅलरी सगळ्यांच्या त्याच. पैसे जास्त द्यायचे तर चवीसाठी द्या. खजूर जरा वेगळा, त्यात दोन तृतीयांश साखर असली तरी १०० ग्रॅममागं सात-आठ ग्रॅम फायबर येतं आणि चावून खावा लागतो. रमजानमध्ये सोलापूरच्या विजापूर वेशीतल्या बाजारात इतक्या जातीचे खजूर येतात की बघतच राहावं, त्यातले दोन भिजवून वाटले तर कपभर मिल्कशेकला बास होतात, पण सात-आठ घातले तर साखर घातल्यासारखंच झालं. आणि उन्हाळ्यात ऊसाचा रस, आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेला की रसवंतीपुढं गाडी आपोआप थांबते, एका मोठ्या ग्लासात पंचवीस-तीस ग्रॅम साखर सहज असते, म्हणजे अख्ख्या दिवसाचा कोटा. शुगर नसलेल्यानं अधूनमधून प्यावा, शुगरवाल्यानं ताक प्यावं.

आता दुसरी बाजू, मेडिकलमध्ये मिळणाऱ्या गोळ्या, पावडरी, थेंब. इथं लोक सगळ्याला शुगर फ्री म्हणतात आणि तिथंच गोंधळ होतो, कारण एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या रंगाच्या डब्यांत वेगवेगळा पदार्थ असू शकतो. डबा उलटा करा, बारीक अक्षरं वाचा, चष्मा लागला तर घाला पण वाचा. नावाऐवजी नंबर दिला असेल तर ९५० म्हणजे एसेसल्फेम, ९५१ ॲस्पार्टेम, ९५४ सॅकरिन, ९५५ सुक्रालोज, ९६० स्टीव्हियापासून काढलेला स्टीव्हिऑल ग्लायकोसाइड, ९६७ झायलिटॉल, ९६८ एरिथ्रिटॉल, ९६५ माल्टिटॉल. हा नंबरांचा कागद फोनमध्ये फोटो काढून ठेवा.

ॲस्पार्टेम साखरेच्या साधारण २०० पट गोड, सॅकरिन तीनशे ते चारशे पट, सुक्रालोज ६०० पट, स्टीव्हियाचा अर्क दोनशे ते तीनशे पट. म्हणून चिमूटभर पुरतं आणि कॅलरी जवळजवळ शून्य. सॅकरिन सगळ्यात जुनं, १८७९ मध्ये सापडलेलं, मागं कडवट चव राहते. ॲस्पार्टेमची चव साखरेच्या जवळ जाते पण जास्त वेळ उकळलं की ते तुटतं आणि गोडी जाते, म्हणून चहा कपात ओतल्यावर घाला, पातेल्यात नको. फिनाइलकीटोन्युरिया नावाचा जन्मजात आजार असलेल्यांनी ते अजिबात घ्यायचं नाही, डब्यावर तसं लिहिलेलंही असतं. सुक्रालोज आणि स्टीव्हिया स्वयंपाकाच्या आचेला टिकतात, खिरीत, चहात उकळलेले चालतात. स्टीव्हियाची मागची चव ज्येष्ठमधाकडं झुकते, काहींना आवडते, काहींना नाही, बडीशेप, वेलदोडा, आलं घातलं की लपते. आधी छोटा डबाच आणा, अर्धा किलोची पिशवी स्वस्त पडते म्हणून आणू नका, घरात दोघांना चव आवडली नाही की ती पडून राहते.

पावडरीत अजून एक गंमत असते. ६०० पट गोड पदार्थ चमच्यानं मोजता येत नाही म्हणून त्यात भर घालतात, बऱ्याचदा माल्टोडेक्स्ट्रिन नाहीतर डेक्स्ट्रोज. ही दोन्ही रक्तातली साखर वाढवणारीच. चहात एका पुडीतून एखादा ग्रॅम जातो तेव्हा काही बिघडत नाही, पण खिरीत वाटीभर पावडर ओतली तर बिघडतं. म्हणून शुगरवाल्याच्या घरी गोळी किंवा थेंब बरे.

कॅन्सरचं सगळे विचारतात म्हणून सांगते. २०२३ च्या जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं ॲस्पार्टेमला २बी गटात टाकलं, म्हणजे कदाचित कॅन्सर होऊ शकतो, पुरावा मर्यादित. त्याच वेळी दुसऱ्या समितीनं रोजची मर्यादा पहिल्यासारखीच ठेवली, किलो वजनामागं ४० मिलिग्रॅम. सत्तर किलोच्या माणसाला ती मर्यादा ओलांडायला दिवसाला डाएट कोल्ड्रिंकचे नऊ ते चौदा कॅन प्यावे लागतील, असं त्यांनीच सांगितलंय. चहातल्या दोन-तीन गोळ्यांनी घाबरून परत चार चमचे साखरेकडं जाणारा शुगरवाला माझ्या मते उलट्या दिशेनं चाललाय. पण मे २०२३ मध्ये त्याच संघटनेनं असंही म्हटलंय की वजन कमी करायला म्हणून असले पदार्थ वापरू नका, लांबच्या काळात चरबी काही कमी होत नाही असं दिसतंय. आधीपासून डायबेटिस असलेल्यांना ती शिफारस लागू केलेली नाही, हे मात्र फॉरवर्ड करणारे सोडून देतात. मग माझं मत असं, ज्याला शुगर आहे आणि गोड चहा सुटतच नाही त्याला गोळी ठीक, ज्याला फक्त वजन उतरवायचंय त्यानं जिभेची गोडी उतरवावी. लहान मुलांना यातलं काही देऊ नका, गरोदर बाईनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

एरिथ्रिटॉल, झायलिटॉल, सॉर्बिटॉल, माल्टिटॉल हा गट वेगळा, हे साखरेसारखे दाणेदार दिसतात. यातलं माल्टिटॉल शुगर फ्री चॉकलेट आणि मिठाईत सापडतं, त्यात साखरेच्या निम्म्या कॅलरी असतातच आणि शुगरही थोडी वाढते, जास्त खाल्लं की पोट फुगतं, जुलाब लागतात. शुगर फ्री आहे म्हणून पाव किलो काजूकतली एकट्यानं संपवणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी हे कळतंच. एरिथ्रिटॉल पोटाला त्यातल्या त्यात हलकं आणि कॅलरी नावालाच, पण २०२३ मध्ये आलेल्या एका अभ्यासात ज्यांच्या रक्तात ते जास्त होतं त्यांच्यात हार्ट अटॅक आणि स्ट्रोक जास्त दिसले, त्यामुळंच झाले असं सिद्ध नाही, पण हृदयाचा त्रास असलेल्यानं रोज चमचे भरभरून घेऊ नये असं मला वाटतं. आणि घरात कुत्रा असेल तर झायलिटॉल आणूच नका, कुत्र्याला ते विषारी आहे, थोडं खाल्लं तरी त्याची शुगर झपकन खाली येते.

आता स्वयंपाकघर, कारण बदलायला गेलं की फसतं ते इथंच. साखर नुसती गोडी देत नाही, ती पदार्थाचा ऐवज असते. चिक्कीचा पाक, तिळाच्या वड्या, रव्याच्या लाडवाची बांधणी, हे स्टीव्हियानं होणार नाही, पाकाला तार येणारच नाही. गुळांबा-मुरांबा टिकतो तो साखरेमुळं, जंतूंना पाणीच मिळत नाही, गोळी घालून केला तर फ्रीजमध्ये ठेवा आणि चार-पाच दिवसांत संपवा. खीर, बासुंदी, फिरनी, सरबत, चहा-कॉफी, श्रीखंड यांत मात्र सुक्रालोज किंवा स्टीव्हिया बऱ्यापैकी जमतं. बासुंदी थोडी पातळ लागेल, जरा जास्त आटवा. गुळाचा चहा करायचा तर गॅस बंद करून मग गूळ घाला, उकळत्या दुधात टाकला की फाटतं. आणि बाजारात गुळाच्या चहाचं प्रीमिक्स मिळतं त्याच्या मागं घटक बघा, कधीकधी पहिलं नाव साखरेचंच असतं.

शेंगा पोळी आणि पुरणपोळीत मी कुठलाच पर्याय वापरत नाही, गूळच, पण कमी. शेंगांच्या किंवा डाळीच्या बरोबरीनं गूळ घालत असाल तर आधी पाऊण प्रमाणावर या, शेंगा खमंग भाजल्या आणि वेलदोडा-तीळ चांगला पडला की कोणाला कळत नाही. पोळी लहान लाटायची. शुगरवाल्या माणसाला अर्धी पोळी आणि सोबत कटाची आमटी, भाजी, कोशिंबीर, त्या जेवणातला भात काढून टाकायचा. दोन तासांनी घरातल्या मशीनवर शुगर बघायची, कोणाला कितपत सोसतं हे त्या आकड्यावरनं कळतं, शेजारच्या काकूंच्या अनुभवावरनं नाही. संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरली की प्रत्येक घरात तिळगूळ हातावर पडतो, तो नाही म्हणवत नाही, मग त्या दिवशी चहा बिनसाखरेचा घ्या, एवढी अदलाबदल चालते.

मिठाईच्या दुकानात शुगर फ्रीची पाटी बघून फसू नका. नियमाप्रमाणं शुगर फ्री म्हणजे १०० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर नको, आणि नो ॲडेड शुगर म्हणजे वरून साखर घातली नाही, एवढंच, आतली खजुराची, अंजिराची, दुधाची साखर तिथंच असते. सुट्ट्या मिठाईला तर लेबलच नसतं, काय घातलंय ते विचारा, नाव सांगता आलं नाही तर घेऊ नका. शुगर फ्री बिस्किटात मैदा आणि तूप-तेल असतंच, आणि मैद्याचंही ग्लुकोजच होतं.

आणि डायबेटिसच्या औषधाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याच्या घरी, कितीही डबे बदलले तरी, खरी साखर किंवा ग्लुकोज पावडर कायम असली पाहिजे. हातपाय थरथरायला लागले, घाम फुटला, मशीनवर ७० च्या खाली आकडा आला तर स्टीव्हिया, सुक्रालोज काही कामाचं नाही, त्यात वर चढवायला काही नसतंच. तेव्हा तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, म्हणजे १५ ग्रॅम, पंधरा मिनिटांनी परत बघायचं, आकडा वर आला नसेल तर परत द्यायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना. ज्यांच्या औषधाच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज आहे त्यांना साखरेपेक्षा ग्लुकोज पावडरच द्या, कारण ते औषध साखर पचवायचं काम हळू करतं आणि साखर वेळेवर लागू पडत नाही. गोळीच्या पाकिटावर नाव असतं, आजच बघून ठेवा, आणि ग्लुकोजची एक पुडी त्यांच्या खिशात, एक गाडीच्या डिकीत टाका.